पाय मोडला नव्हता

कोंबड्यांच्या मानमोडीवर औषध नाही. सरकारी कागदांत तिचं नाव राणीखेत. जगभर तिला न्यूकॅसल रोग म्हणतात, कारण १९२६-२७च्या सुमारास इंग्लंडमधल्या त्या शहराजवळ तिची नोंद झाली. लगेचच आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतमध्ये तीच साथ ओळखली गेली. लस नसलेल्या कळपात जहाल विषाणू शिरला तर शंभरातली नव्वद, कधी शंभरच्या शंभर कोंबड्या जातात. विषाणू अंगात गेल्यापासून लक्षण दिसेपर्यंत दोन ते पंधरा दिवस, बहुधा पाच-सहा. लक्षण दिसल्यावर मात्र फार वेळ मिळत नाही.

पुढचं खुराडं मी मुद्दाम मांडलेलं आहे. ते कुणा एका घराचं नाही. पावण्यासारख्या गावठाणातल्या कुठल्याही घरामागचं समजा. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून, टीटीसी औद्योगिक पट्ट्यात हे आगरी गाव आहे. आधी एमआयडीसी आणि मग सिडको आली, खाडीकाठची भातखाचरं आणि मिठागरं गेली, गावठाण तेवढं उरलं. तिथे आता घरावर मजले चढलेत आणि दोन भिंतींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीला परस म्हणायचं. त्या पट्टीत अजून कोंबड्या आहेत, आणि मला त्या फार मोलाच्या वाटतात. शेत गेलेल्या घरात बाईच्या हातात उरलेलं, तिच्या स्वतःच्या मालकीचं धन तेच आहे. म्हणून त्या खुराड्याच्या शेवटापर्यंतचे तास नीट मोजावेसे वाटले.

दोन आठवडे आधी

खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांतून अकरा पिल्लं निघाली. आज सातवा दिवस. पोल्ट्रीत याच सुमाराला, पाचव्या ते सातव्या दिवशी, पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब टाकतात. चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि सहा ते आठ आठवड्यांची झाली की पंखाखाली आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. एवढ्यावर मानमोडी अडते.

पावण्यातल्या अकरा पिल्लांना तो थेंब मिळाला नाही, आणि याला मी त्यांना सांभाळणाऱ्या आजीचा आळस म्हणणार नाही. लस सुकवलेल्या भुकटीच्या रूपात सहसा शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त डोसांच्या कुपीत येते. ती दोन ते आठ अंशांत सांभाळावी लागते, आणि एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवावी लागते. शंभर डोसांतले अकरा वापरून एकोणनव्वद फेकणारं गिऱ्हाईक कुठल्याच दुकानदाराने धरलेलं नाही. महाराष्ट्रात ही लस पुण्याला औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ संस्थेत तयार होते. औंध ते पावणे हे अंतर गाडीला तीन तासांचं असेल, पण परसातल्या अकरा पिल्लांसाठी ते आजवर कापलं गेलेलं नाही.

रविवार, सकाळी ११. शेवटाला १६२ तास

आजी बाजारातून दोन तलंगी घेऊन येते. पाय बांधलेल्या, पिशवीतून डोकी बाहेर काढलेल्या. तुरा लालभडक, डोळे स्वच्छ, वजन चांगलं. घेताना पारखायचं ते सगळं तिने पारखलंय. पण त्यातली एक गाडीवर ज्या पिंजऱ्यात बसून आली, त्यात आदल्या दिवशी कुठल्या कुठल्या गावचे पक्षी होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. तिच्या विष्ठेतून आणि श्वासातून विषाणू बाहेर पडू लागलाय. ती स्वतः अजून आजारी दिसत नाही.

रविवार, सायंकाळी ७. १५४ तास

मला विचाराल तर सगळं इथे ठरलं. नवा पक्षी किमान दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या भांड्यातल्या पाण्यावर ठेवायचा, आणि त्याचं दाणापाणी जुन्यांचं उरकल्यावर, सर्वांत शेवटी करायचं. हा नियम कोंबडीपालनाच्या प्रत्येक पुस्तिकेत असतो. पण परस पाच हात रुंद. दुसरं डालगं ठेवायचं तर मोटारसायकल काढावी लागेल. तलंगी खुराड्यात जातात. पाण्याची परात एकच आहे. पिल्लं तिच्यात पाय बुडवून पितात.

सोमवार ते बुधवार

दाराशी काही घडत नाही. पिल्लं उकिरडा उकरतात, आईच्या पोटाखाली शिरतात. विषाणू श्वासनळीच्या आणि आतड्याच्या पेशींत वाढतो, रक्तात उतरतो, आणि काही पिल्लांत मज्जासंस्थेपर्यंत पोचतो. बुधवारी रात्री एक पिल्लू शिंकतं. पट्ट्यातल्या कारखान्यांच्या वासाची इथे सगळ्यांनाच सवय झालेली. शिंक कुणी मनावर घेत नाही.

गुरुवार, सकाळी ६. ७१ तास

खुराड्याचं दार उघडल्यावर दहा पिल्लं बाहेर येतात. अकरावं उंबऱ्याशी बसून राहतं, उठतं, दोन पावलं टाकून कलंडतं.

"आजे, ह्या पिल्ल्याचा पाय बघ गो."

"कोनाच्या पायाखाली आला आसल. पाय मोरलाय त्याचा."

हळद-चुना लावला जातो, जुन्या ओढणीची चिंधी बांधली जाते. आजीचं बोट सवयीने आणि मायेने चालतं. बांधलेलं पिल्लू परत आईजवळ, बाकीच्यांत सोडलं जातं.

या एका तासावर थांबायला हवं, कारण पिल्लाचा पाय खरोखरच अनेक कारणांनी जातो आणि त्यातली बरीचशी घरी बरी होतात. पावण्यासारख्या गावात पहिला संशय दोऱ्यावर घ्यावा. पॅकिंगच्या नायलॉनचे धागे वाऱ्यावर इकडेतिकडे पसरलेले असतात. पिल्लाच्या बोटांत धागा गुंतला की ते चालताना तो आवळत जातो, पाय सुजतो आणि बोट काळं पडतं. भिंगातून पाहून बारीक कात्रीने तो कापला तर पिल्लू संध्याकाळपर्यंत पळू लागतं. बायकांचे केसही असेच गुंततात.

हाड मोडलेलं असेल तर ते एकाच पायाचं असतं. तो भाग सुजतो, हाताला गरम लागतो, दाबला की पिल्लू ओरडतं. पण डोळा तरतरीत राहतो आणि दाणा टाकला की ते लंगडत का होईना धावतं. त्याच्या पायाला कापूस गुंडाळून, आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा लावून चिकटपट्टीने हलकेच बांधावं. तरुण हाड दोन-तीन आठवड्यांत धरतं. त्या दिवसांत ते पिल्लू वेगळ्या खोक्यात, आई दिसेल असं, दाणापाणी चोचीच्या टप्प्यात ठेवून सांभाळावं.

पहिल्याच दिवसांत दोन्ही पाय बाजूला फाकत असतील तर दोष बहुधा जमिनीचा. वर्तमानपत्रावर किंवा गुळगुळीत लादीवर वाढवलेल्या पिल्लांना पकड मिळत नाही. खाली गोणपाट घालावा, दोन पायांत बोटभर अंतर ठेवून मऊ पट्टीने जोडावं. वेळेत केलं तर दोन-चार दिवसांत पाय सरळ पडतात. बोटं मुठीसारखी आत वळली तर रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, कमी पडतंय. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढणाऱ्या पिल्लांत हे होतं, आणि लवकर ध्यानात आलं तर बी-कॉम्प्लेक्सने सुधारतं. घोट्याचा सांधा जाड होऊन पाय आडवा फिरला तर मँगनीज किंवा कोलीन कमी पडल्याची शक्यता. तिथे स्नायूची दोरी खोबणीतून सरकलेली असते आणि उशीर झाला की फारसं हाती लागत नाही. एक पाय पुढे, एक मागे ताणलेला, पिल्लू मात्र खातंपितं आणि वय साधारण दीड महिन्यापुढचं, तर मॅरेक्स रोग आठवावा. तोही विषाणूचा, औषध नाही, आणि त्याची लस अंड्यातून निघाल्याच्या पहिल्या दिवशी उबवणी केंद्रात देतात. रस्त्यावर टोपलीतून विकली जाणारी रंगवलेली पिल्लं बहुधा अंड्यांच्या जातीतले नको असलेले नर असतात. त्यांच्या अंगी यातली कुठली लस असेल असं धरून चालू नये.

मानमोडीचा पाय यांतल्या कशासारखाच नसतो. सूज नाही, जखम नाही, हाड शाबूत. पायातली ताकदच गेलेली असते. पिल्लू पिसं फुलवून, डोळे मिटून, मान आत घेऊन बसतं आणि दाण्याकडे बघत नाही. म्हणून माझा आग्रह असा की लंगडं पिल्लू उचललं की पाय चाचपण्याआधी शेपटीखाली बघावं. तिथली पिसं हिरवट-पांढऱ्या पातळ विष्ठेने चिकटलेली असतील तर चिंधी बाजूला ठेवावी. मग खुराड्याजवळ शांत उभं राहून बाकीच्यांचा श्वास ऐकावा. घरघर ऐकू आली, कुणी चोच उघडून श्वास घेताना दिसलं, तर ती इजा नाही. एकाच सकाळी दोन पिल्लं पाय ओढू लागली तरी तेच. चुकून पायाखाली येणारं पिल्लू एखादंच असतं.

उंबऱ्याशी बसलेल्या पिल्लाची शेपटी गुरुवारी सकाळी सहाला चिकटलेली होती.

गुरुवार, सायंकाळी ७. ५८ तास

दुसरं पिल्लू बसलं. बाजारातल्या दोनपैकी एक तलंग चोच आ करून श्वास घेते. पाणी बदललं जातं, पण परात तीच.

शुक्रवार, सकाळी ६. ४७ तास

पहिलं पिल्लू मेलेलं. चिंधी तशीच बांधलेली. मेलेलं पिल्लू पिशवीत घालून नाल्याच्या कडेला टाकलं जातं. तिथे कावळे आहेत, कुत्री आहेत, आणि शेजारच्या तीन घरांच्या कोंबड्या दिवसभर तिथेच चरतात.

घरात उरलेल्या अँटिबायोटिकची गोळी चुरून पाण्यात घातली जाते. विषाणूवर तिचा काही परिणाम होत नाही. पशुवैद्य कधी कधी अँटिबायोटिक देतात ते मागून येणारे जिवाणूचे आजार रोखण्यासाठी, वजन आणि दिवस मोजून. अंदाजाने चुरलेल्या माणसाच्या गोळीने पिल्लू वाचत नाही. त्याहून वाईट म्हणजे काही औषधांचा अंश मांसात आणि अंड्यांत उतरतो.

शुक्रवार, दुपारी ४. ३७ तास

शेजारची बाई ओट्यावर येऊन सांगते की मानमोडी आली की वाट बघू नये. चांगल्या आहेत तोवर कापा, नाहीतर विका. हा सल्ला गावोगाव मिळतो, त्यामागे नुकसान झेललेल्या माणसाचं शहाणपण आहे, आणि साथ पसरते ती बरोबर याच वाटेने. चांगल्या दिसणाऱ्या दोन कोंबड्या शुक्रवारी संध्याकाळी नातेवाईकाकडे दुसऱ्या गावी जातात. रविवारी आपल्या परसात आलेली तलंग कुणाच्या तरी शुक्रवारच्या घाईतूनच बाजारात आली असावी, हे कुणाच्या मनात येत नाही.

आणि ही मानमोडीच आहे हे तरी कशावरून? नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात २००६ साली पोल्ट्रींतल्या कोंबड्या मरू लागल्या तेव्हाही पहिला अंदाज राणीखेतचाच होता. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं की हा बर्ड फ्लू, एच५एन१. भारतातली ती पहिली नोंद. त्यानंतर लाखो पक्षी मारून पुरावे लागले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत तो परसातल्या कोंबड्यांत सापडला. जानेवारी २०२१मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला. फेब्रुवारी २०२२मध्ये शहापूरच्या वेहळोलीत निघाला, जानेवारी २०२५मध्ये उरणच्या चिरनेरमध्ये. शेवटची दोन गावं पावण्यापासून दूर नाहीत. ठाण्याच्या खाडीवर दर हिवाळ्यात हजारो स्थलांतरित पक्षी उतरतात, तीही जवळच.

मान वळणं, हिरवी विष्ठा, पाय जाणं, अचानक मृत्यू: दोन्ही रोगांत यातलं पुष्कळ सारखं दिसतं. नुसत्या नजरेने त्यांतला फरक पशुवैद्यालाही खात्रीने सांगता येत नाही, प्रयोगशाळाच सांगते. मानमोडीने माणसाला सहसा फार तर डोळे येतात. एच५एन१ माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून आजारी पक्षी कापणं, सोलणं, पोरांनी हाताळणं हे शुक्रवारी दुपारी चारला थांबायलाच हवं होतं. २००९च्या केंद्रीय कायद्याने असा संशय आला की कळवणं हे मालकाचं कर्तव्य ठरवलंय. पण कळवलं की सगळ्या कोंबड्या उचलून नेतील, ही भीतीही खरी आहे. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळेल असा विश्वास दिल्याशिवाय आजी फोन करणार नाही, आणि त्यासाठी तिला दोष देणं मला जमणार नाही.

शनिवार, सकाळी ७. २२ तास

आणखी चार पिल्लं गेली. जी उरली त्यांतल्या एकाची मान उलटी फिरून पाठीवर आली आहे. ते दाणा टिपायला वाकतं तेव्हा चोच आकाशाकडे जाते, आणि ते स्वतःभोवती गोल फिरत राहतं. ज्याने हे एकदा पाहिलं त्याला रोगाचं गावातलं नाव समजावून सांगावं लागत नाही. आजी चिंधीचा तुकडा उचलून बाजूला ठेवते. "पाय न्हवता मोरला," एवढंच म्हणते.

शनिवार, दुपारी २. १५ तास

नातू फोन लावतो. वाशी-कोपरखैरणेच्या बाजूला प्राण्यांचे दवाखाने आहेत, पण ते कुत्र्या-मांजरांचे. कोंबडी म्हटल्यावर पलीकडचा आवाज थोडा थांबतो. गावाकडे गाईबैलांसाठी उभी राहिलेली सरकारी व्यवस्था शहरात विरळ, आणि शहराच्या डॉक्टरांना खुराड्याची सवय नाही. गावठाण या दोहोंच्या मधल्या फटीत पडतं. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांक पुष्कळ घरांना माहीतही नसतो.

कळवायचं झालं तर काय करावं तेही सांगतो. नुकताच मेलेला पक्षी न कापता, हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, एकात एक दोन पिशव्यांत घालावा. बर्फात ठेवावा, पण गोठवू नये, गोठलेल्या अवयवांची तपासणी बिघडते. घरच्या अन्नाच्या फ्रिजमध्ये तर ठेवूच नये. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत तो पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ शकतो. बर्ड फ्लूचा संशय असेल तर नमुना तिथून भोपाळला जातो. मेल्यापासून जितका वेळ जाईल तितका पुरावा सडतो. नाल्यात टाकलेल्या पहिल्या पिल्लाबरोबर सर्वांत चांगला पुरावा गेला.

शनिवार, रात्री १०. ७ तास

तीन पिल्लं आणि आई. तलंगींतली एक दुपारीच गेली. दुसरी बरी होतेय. काही पक्षी वाचतात, पण वाचलेलाही काही काळ विषाणू सोडत राहू शकतो.

रविवार, पहाटे ५

खुराड्यात आवाज नाही. आई कोंबडी पंख पसरून पिल्लांवर पडलेली. सकाळी आठपर्यंत शेजारच्या घरातलं एक पिल्लू पाय ओढू लागतं, आणि तिथली आजी हळद-चुना आणायला आत जाते.

त्यानंतरचे तास

मेलेल्यांसाठी खोल खड्डा, त्यावर चुना. पावण्यात मातीची जागा सापडणं हीच अडचण, म्हणून वॉर्डातल्या पालिकेच्या माणसाला कळवून न्यायला सांगणं बरं. खुराड्यातला भुसा नि विष्ठा जाळावी किंवा पुरावी. लाकूड आधी साबणाच्या पाण्याने घासून मग ब्लीचिंग पावडरने धुवावं आणि कडक उन्हात ठेवावं. घाण तशीच ठेवून वर पावडर भुरभुरली तर ती निकामी होते. चपला धुवाव्यात. निदान काही आठवडे खुराडं रिकामं ठेवावं. ज्या नातेवाईकाकडे शुक्रवारी दोन कोंबड्या गेल्या त्यांना त्याच दिवशी फोन करावा, कितीही संकोच वाटला तरी.

आणि लसीचं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांनी नेमक्या याच अडचणीसाठी, खेड्यातल्या फिरत्या कोंबड्यांसाठी, आय-२ नावाची मानमोडीची लस तयार केली. बर्फाची साखळी थोडी तुटली तरी ती टिकते. मोझांबिक आणि टांझानियात गावातल्याच बायकांना शिकवून ती डोळ्यात थेंब टाकून दर चार महिन्यांनी दिली जाते. ठरलेल्या दिवशी सगळं गाव एकदम, दर कोंबडीमागे थोडे पैसे घेऊन. थेंब टाकायला डॉक्टर लागत नाही.

आपल्याकडे लासोटाच्या शंभर डोसांच्या कुपीसाठी शंभर पक्षी लागतात. पावण्याच्या एका आळीत तेवढे सहज निघतील. दहा-बारा घरांनी खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात अंड्यांवर बसवल्या तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं एकदम निघतात आणि सातवा दिवस सगळ्यांचा जवळजवळ एकच येतो. थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणायची, सकाळी सातला फोडायची, घरोघर फिरून नऊच्या आत संपवायची. अंगणवाडीत पोलिओचे थेंब पाजताना ज्यांनी पोरं मांडीवर धरली, त्या या आळीतल्या बायका पिल्लू हातात धरून पापणी उघडायला सकाळभरात शिकतील. कुपीचा खर्च बारा घरांत वाटला की एका पिल्लाच्या वाट्याला फार थोडा येतो. पुढच्या खुडुकी बसायच्या आधी आळीतल्या कुणीतरी वही घेऊन घरं मोजायला हवीत.